सायमीच्या रायफलीतली फट

सायमी सहसा रागावत नसे. चाळीस वर्षं तिने गाईंच्या धारा काढल्या. लाथ मारणाऱ्या गाईशीसुद्धा ती हळू आवाजातच बोलायची. पण त्या ऑगस्टमध्ये ती अशी काही पेटली होती, की शेजारपाजारच्यांनी तिच्याकडे कॉफीला जाणंच सोडून दिलं.

फिनलंडमध्ये मूस हरणाच्या शिकारीला जायचं तर दर तीन वर्षांनी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. पंचाहत्तर मीटरवर लावलेला कागद, दीड मिनिटाची वेळ, चार गोळ्या. चारही जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात लागल्या पाहिजेत. सायमी त्या उन्हाळ्यात दोनदा नापास झाली होती. आता उरला होता एकच शनिवार. रविवारी गावच्या शिकारी टोळीची यादी ठरणार होती. यादीत नाव नसेल, तर दुभंगल्या खडकाजवळची तिची शिकारीची जागा ओइवाच्या जावयाला जाणार होती. त्याच जागेवर तिचा नवरा वाल्टो पंधरा वर्षं उभा राहिला होता आणि तो वारल्यावर अकरा वर्षं ती.

ओइवा म्हणजे वाल्टोचा थोरला भाऊ. टोळीचा म्होरक्या, आणि धंद्याने होड्या बांधणारा. सायमी दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा त्याने सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सायमी, चौसष्ट वर्षं म्हणजे काही कमी नाही. डोळे दगा देतातच. तू आपलं टोळीसाठी वाटाण्याचं सूप कर. तुझ्या हाताला चव आहे."

"माझ्या हाताला नेमही आहे."

"होता म्हण!"

सगळे हसले. सायमीने कागद गुंडाळून बगलेत मारला आणि कुणाचा निरोप न घेता घरी गेली.

आधी तिने स्वतःवरच संशय घेतला, कारण ती न्यायाची बाई होती. शहरात जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, लांबचं लख्ख दिसतंय. मग रायफलीची पाळी आली. रायफल कारखान्यातून आलेली, कोरी. गेल्या शरदात घेतली आणि पहिल्याच गोळीत तिने मूस पाडला होता. आता तिने दुर्बिणीचे स्क्रू पाहिले. घट्ट होते. नळी आतून घासली. चिंधीवर गोळ्यांच्या तांब्याचा निळा डाग यायचा थांबेपर्यंत घासली. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं आणली. गोळ्या भरकटत राहिल्या त्या राहिल्याच.

शुक्रवारी सकाळी तिने सगळे जुने कागद स्वयंपाकघराच्या जमिनीवर मांडले. प्रत्येकावर तारीख होती, आणि प्रत्येक भोकाशेजारी गोळीचा क्रमांक. वाल्टो तिच्या या सवयीची थट्टा करायचा. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. पहिली गोळी दर वेळी मधोमध. दुसरी जराशी वर. तिसरी आणि चौथी उजवीकडे, पार बाहेर.

"पहिल्या गोळीला डोळे तरुण आणि चौथीला म्हातारे?" ती मोठ्याने म्हणाली. "दीड मिनिटात?"

म्हणजे नळी तापली की काहीतरी बिघडत होतं. नव्या रायफलीत नळी लाकडी दस्त्याला टेकत नाही. मध्ये बारीक फट मुद्दाम सोडलेली असते, म्हणजे तापलेल्या नळीला लाकूड ढकलत नाही. सायमीने वर्तमानपत्राची पट्टी फाडून त्या फटीत सरकवली. वीतभर गेली आणि अडकली. तिने खालचे स्क्रू सोडवले. ते भलतेच सहज सुटले. दस्ता वेगळा झाला आणि स्वयंपाकघरात वास पसरला. होड्यांना लावतात त्या पाइनच्या डांबराचा.

खाचेत जवसाच्या धाग्यांची दोरी डांबरात भिजवून ठासली होती, होडीच्या फटीत ठासतात तशी. बोटाने दाबून, एकसारखी, सुबक. असं काम गावात एकच माणूस करायचा.

हिवाळ्यात ती महिनाभर बहिणीकडे गेली, तेव्हा रायफल ओइवाच्या कुलपाच्या कपाटात होती. परत आणली तेव्हा डांबराचा वास येत होता. पण ओइवाच्या घरात कशाला येत नाही? त्याच्या पावालाही येतो.

ती दोरी मुठीत धरून त्याच्या होडीच्या शेडवर गेली.

"हे काय आहे?"

ओइवाचा चेहरा खुलला. "अगं, ती फट मीच बुजवली! कारखान्यातली माणसं कशी आंधळी काम करतात बघ. एवढी फट! पाऊस आत गेला असता, लाकूड कुजलं असतं. म्हटलं, वाल्टो असता तर त्यानेच..."

"वाल्टोचं नाव घेऊ नकोस."

ओइवाने हातातला रंधा खाली ठेवला.

"दोन महिने, ओइवा. दोन महिने तू माझ्या डोळ्यांना दोष दिलास. सगळ्यांसमोर. आणि एकदाही तुझ्या डोक्यात आलं नाही, की आपण हिच्या बंदुकीला हात लावलाय?"

"लाकडाला डांबर चांगलंच असतं," तो पुटपुटला.

"होडीला! मी काय रायफल वल्हवत नेणार आहे मूसपाशी?"

दोरी त्याच्या रंध्याशेजारी ठेवून सायमी निघून आली.

दुपारभर तिने खाच खरवडली, टर्पेंटाइनने पुसली, स्क्रू नीट आवळले. वर्तमानपत्राची पट्टी आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेली. तरी संताप उतरला नव्हता. रागाच्या भरात नेम धरता येत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून शनिवारी ती परीक्षेला तासभर आधी गेली आणि गाडीतच बसून राहिली, श्वास हळू होईपर्यंत.

परीक्षक तेन्हो मितभाषी माणूस. त्याने कागदावरची भोकं दोनदा मोजली.

"चार. चारही आत. चौथी तर पहिलीला चिकटून."

मागे ओइवा उभा होता. टोपी हातात. "चल, आता राग सोड, सायमी."

"हंगाम संपला की बघू."

रविवारी यादीच्या कागदावर दुभंगल्या खडकापुढे तिने स्वतःचं नाव लिहिलं. सुपापुढची जागा रिकामी होती. तिथे तिने ओइवाचं नाव लिहिलं आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. खोलीत कुणी हसलं नाही. ओइवाने पेन उचललं आणि नाव न खोडता शेजारच्याकडे सरकवलं.

त्या ऑक्टोबरात सुपाला डांबराचा वास येतो म्हणून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. सायमीने मात्र दोन वाट्या घेतल्या आणि रायफल उचलून आपल्या खडकाकडे चालू लागली.