बेटावर केळी पिकवायची असतील तर

अंदमानला जायचं ठरल्यावर मी मोबाईलवर बरीच प्रवासवर्णनं वाचली. जो तो लिहितो, "तिथलं सौंदर्य शब्दांत सांगता येणार नाही," आणि पुढे चार पानं लिहितो. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे काही शिकले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि किराण्याच्या पुड्यांतून. मला जेवढं शब्दांत सांगता येतं तेवढंच सांगते.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून पुण्याच्या मुलाने वर्षभर आधीच बेटावरची खोली धरली होती. त्याच्या वडिलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. लोणखेड्याच्या माणसाला समुद्र लागतो कशाला? पण टीव्हीवर किनारा दिसला की हे म्हणायचे, "तिथं बसून आपलं केळं खायचं. नारळ काय, सगळेच पितात." नवरात्रात त्यांनी केळीची कांदेबाग, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची लागवड, लावली आणि पौषात ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, तेवढंच.

खोलीचे पैसे परत मिळत नव्हते. यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "मी येसू तुन्हासंगे. मन्हा भाऊनी जागा वाया कसाले जावाले पाहिजे?"

शेजारीण अंगणातून ऐकत होती. "वरीस बी नही व्हयनं नि बाई फिराले निंघनी!"

आक्का म्हणाल्या, "मंग तू काढी दे आम्हले काशीनं तिकीट." ती घरात गेली.

निघायच्या आदल्या दिवशी बागेतला पहिला घड उतरवला. त्यातली एक फणी, चौदा केळी, मी बाजूला काढली. ही बाग आता मोडायची असं मी ठरवलं होतं. घड संपले की बुंध्याशी आलेली पिलं काढून टाकायची आणि शेत पपईला कसायला द्यायचं. धडगावकडचा जामसिंग पंधरा वर्षं आमच्याकडे केळीचं काम करतो. त्याला सांगून टाकलं, "पिलं काढ. एकही ठेवू नको." म्हणजे यांच्या हातची केळी ती एवढीच. ती समुद्रावर खायची, आणि संपलं. फणी हिरवीगार होती. पाच दिवसांत पिकणार, सहाव्या दिवशी आम्ही परत निघणार. हिशेब बरोबर जमला होता.

आता रस्ता. लोणखेड्याहून रिक्षाने शहादा, शहाद्याहून बसने नंदुरबार, तिथून रेल्वेने सुरत. सुरतहून विमान, मध्ये एकदा बदल. विमानतळावर चहा पिऊ नका, तेवढ्या पैशांत शहाद्यात घरातले सगळे नाश्ता करतात. पोर्ट ब्लेअरहून बेटापर्यंत बोट, दोन तास. बोटीत बसायच्या आधी पोट रिकामं ठेवा. आक्कांनी दोन दशम्या आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि समुद्राशी त्यांची पहिली भेट प्लास्टिकच्या पिशवीतून झाली.

रिसॉर्टच्या दारात एका पोरीने आमच्या गळ्यात शंखांच्या माळा घातल्या. कागदावर पाहून विचारलं, "मिस्टर पाटील?"

मुलाने नाव बदलून घेतलं होतं, पण तिच्या कागदावर अजून यांचंच होतं. आक्का पुढे झाल्या. "मी शे मिस्टर पाटील. बोल."

मग पिशवी उघडायला लावली. पाटी होतीच, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. शेवचिवडा गेला, ठेचा गेला. मॅनेजरसाहेबांनी फणीला हात घातला तेव्हा मी पिशवीचा बंद सोडलाच नाही. "ही नाही," मी म्हणाले. परक्या माणसाला काय सांगणार?

आक्कांनी सांगितलं. त्यांची हिंदी शहाद्याच्या बाजारातली. "साहेब, खाने का चीज किसको बोलते? जो खाते, उसको. ये कच्चा है. कच्चा केला कोई खाता क्या?" त्यांनी एक केळं तोडून त्याच्या हातात दिलं. "खाई दखाड!"

साहेब हसले. आक्का हसल्या नाहीत. मागे गळ्यात माळा घालून पुण्या-मुंबईची चार जोडपी उभी होती, सगळी बघत होती. साहेबांनी खरंच सालीसकट टोक चावलं. त्यांचं तोंड असं आकसलं की पोरीने पाणी आणलं. मग त्यांनी निकाल दिला, ही वस्तू सध्या खाद्यपदार्थ नाही, सजावट म्हणून खोलीत ठेवावी. तेरा केळी आत गेली.

खोली. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोच चोचीला लावलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. आक्का म्हणाल्या, "आंग पुसाना कपडास्ले ह्यास्नी मान काबर मुरगाळी?" टेबलावर फळांची टोपली होती, तिच्यात एक पिवळं केळं, अंगावर स्टिकर, बाजूला काटा-चमचा. आणि खोलीत असा एसी की मला वाटलं दुधाच्या टँकरमध्ये आलो.

इथे माझी चूक कळली. पाच दिवसांचा हिशेब मी लोणखेड्याच्या उन्हाने केला होता. गारठ्यात केळं पिकत नाही, काळं पडतं. ज्या घराने चाळीस वर्षं केळी पिकवली त्या घरच्या बाईला हे सुचू नये?

मग आम्ही अढी घातली. घरी आंब्यांची घालतो तशी, फक्त गवत नव्हतं. दोन्ही हंस सोडले, कपाटात पसरले, त्यावर फणी ठेवली, मध्ये ते स्टिकरवालं पिकलेलं केळं. एक पिकलेलं जवळ असलं की बाकीची लवकर धरतात. वरून पाकळ्या, त्यावर आक्कांची घोंगडी. एसी बंद, खिडक्या बंद. एका दिवसाच्या भाड्यात आमच्याकडे मजुराचा महिना निघेल, अशा खोलीत आम्ही दोघी पदराने वारा घेत बसलो.

दुसऱ्या दिवशी समुद्र पाहून आलो तर खोली पुन्हा टँकर झालेली. साफसफाईवाल्याने एसी लावलेला, कपाटातले टॉवेल काढून नवे हंस केलेले, केळी टेबलावर ओळीने मांडलेली. आम्ही पुन्हा अढी घातली. तिसऱ्या दिवशी त्याने टॉवेलचा हत्ती केला. आम्ही हत्ती सोडला. चौथ्या दिवशी आक्का खोलीतच बसून राहिल्या. दार वाजलं की ओरडायच्या, "नही पाहिजे हंस!" मी एकटीच काचेच्या तळाच्या बोटीतून पोवळी पाहून आले. छान होती. पण सारखं मनात यायचं, फणीचं टोक पिवळं झालं असेल का.

समुद्राबद्दल उपयोगाचं सांगायचं तर पायात रबरी चपला घाला, पोवळ्याने तळवे कापतात. ओहोटी किती वाजता ते आधी विचारा, नाहीतर पाण्याऐवजी चिखल बघाल. शहाळं गेटबाहेरच्या गाडीवर घ्या, आत तेच चौपट पडतं. स्कूटर भाड्याने मिळते, पण आक्का मागे बसणार असतील तर घेऊ नका.

आमच्या पॅकेजात मेणबत्तीतलं जेवणही होतं. वाळूत टेबल, दोन खुर्च्या. बसताक्षणी दिवे मालवले. आक्कांनी वाढप्याला विचारलं, "लाईट गयी का?" आमच्याकडे लाईट गेली की मेणबत्ती लावतात, इथे मेणबत्तीसाठी लाईट घालवतात. त्याने बाईसमोर गुलाब ठेवायचा असतो. त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि फूल टेबलाच्या मधोमध ठेवलं. समोरच्या खुर्चीत आक्का. त्यांचं कपाळ अगदी यांच्यासारखं, हे मला त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं. मी मासे आहेत का म्हणून काहीतरी विचारलं. आम्ही दोघी मासे खात नाही.

सहाव्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. बारा केळी अजून हिरवट. एक, स्टिकरवाल्याला चिकटून असलेलं, पिवळं.

बोट दहाची होती. आम्ही केळं पदरात घेऊन किनाऱ्यावर गेलो. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिलो. मी सोललं, अर्धं आक्कांना दिलं. थोडं कच्चटच होतं, कडेला तुरट. मध्ये गोड.

आक्का म्हणाल्या, "दोन दिन आखो पाहिजे व्हतात." अजून दोन दिवस हवे होते.

"हो," मी म्हटलं.

मागून शिट्टी वाजली. पहारेकरी येत होता, किनाऱ्यावर बाहेरचं खाणं चालत नाही. आक्कांनी साल त्याच्या हातात दिली. "ले भाऊ, सजावट."

परतीला सुरतहून रेल्वेत बसलो तेव्हा गरम होत होतं, आणि नवापूर यायच्या आत सगळा डबा केळ्याच्या वासाने भरला. बाराच्या बारा पिकली होती. समोरच्या बाईने नाक वर करून पाहिलं तेव्हा पिशवी उघडलीच. डब्यात दहा वाटली. खाणाऱ्यांना काय माहीत? एक म्हणाला, "गोड आहे, कुठलं?" आक्का म्हणाल्या, "मन्हा भाऊनं."

दोन घरी आणली. एक जामसिंगला दिलं. दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर पिलं जशीच्या तशी, गुडघ्याएवढी झालेली.

"काढली नाहीस?"

"बाई, तुम्ही येण्याची वाट पाहिली," तो म्हणाला. "काढायला वेळ लागत नाही. काढू?"

मी एका झाडाशी वाकले. पाच पिलं होती. त्यातलं एक चांगलं ठसठशीत, तलवारीसारख्या पानांचं.

"चार काढ," मी म्हटलं. "प्रत्येक झाडाला एक ठेव."

पिलाला घड यायला अजून पुष्कळ महिने आहेत. तेव्हा आक्कांना पुन्हा जायचं आहे, आणि मुलाला मी आत्ताच सांगून ठेवलंय, खोली आठ दिवसांची धर. तुम्ही जाणार असाल तर शहाळ्याच्या भावाची काळजी करू नका. आत शिरल्या शिरल्या एसी बंद करा.