बियाचं शिराळं

मला बसवत नाही. उठलो की आधी मागल्या दारी जायचं, वेल बघायचा, घरात यायचं, चहा अर्धा टाकून परत जायचं. सून म्हणायची, "आबा, तुमी सारखं बघून तो काय भरभर वाढणार हाय?" नाही वाढणार, हे मलाही कळतं. पण घरात बसून मी काय बघू? बायकोची रिकामी खाट बघू?

गेल्या गणपतीनंतर बायको गेली. यंदा वर्षाचा दिवस जवळ आला तसं पानावर काय वाढायचं यावर घरात बोलणं निघालं. मी बोलून गेलो, तिच्याच बियाचं शिराळं वाढायचं, सुकट घालून. शिराळं म्हणजे शहरातल्या लोकांचा दोडका. मटण शिजलं तरी तिचा हात आधी शिराळ्याच्या वाटीकडे जायचा. मुलगा म्हणाला, बाजारात ढीग मिळतात. मी म्हटलं, बाजारातलं तू खा.

बी मला उशिरा सापडलं, श्रावणात. कोंबड्यांचं खुराडं झाडायला वाकलो तर आत खिळ्याला एक सुकलेलं शिराळं टांगलेलं. हलवलं तर बिया खुळखुळल्या. सून मागून म्हणाली, "द्या इकडं, आंघोळीला घासणी होईल."

"तुज्या पाठीसाठी नाय ठेवलंय तिनं," मी म्हटलं.

उंदरांनी एका बाजूने पोखरलं होतं. उरलं ते सगळं बी मी लावून टाकलं, मागे काही ठेवलं नाही. निम्मं पोचट निघालं, काही रोपं गोगलगायींनी खाल्ली. वेल धरला तो एकच.

बी धरायची तिची एक रीत होती. वेलाला खाली पहिलं चांगलं शिराळं लागलं की जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधायची. चिंधी बांधलेल्याला कोणी हात लावायचा नाही. एकदा जावई अचानक जेवायला आले, घरात भाजीची काडी नव्हती, आणि वेलावर हे एवढं मोठं शिराळं लोंबत होतं. मी म्हटलं, काप. तर म्हणाली, "ते तुमचं नाय, माजं पण नाय. ते बियाचं हाय." आणि मला भर उन्हात बाजारात पिटाळलं.

मला बागेतलं काही कळत नाही. जन्मभर पनवेलच्या स्टँडवरून गव्हाणपर्यंत सहा सीटची रिक्षा मारली. भाजी मला ताटात आल्यावरच ओळखू यायची. ती कोंबड्यांची शीट काढायची, त्यात भाताचा तूस, पालापाचोळा, चुलीची राख मिसळून मागच्या खड्ड्यात टाकायची आणि वर गोणपाट. हे मी लांबून बघितलेलं. किती दिवस ठेवायची, कधी काढायची, ते विचारायला रिक्षावाल्याला वेळ कुठे होता? खड्डाही आता उरला नव्हता. तिच्या दिवसांत मंडप घालायचा म्हणून पोरांनी त्यात मुरूम टाकून जागा सपाट केली होती.

गणपती बसायला आले तरी वेल कमरेएवढाच. रोज बघतोय, रोज तेवढाच. पावसानं उघडीप दिली होती, कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसत होता, ऊन चटचटत होतं. मला धीर धरवेना. गाडी चढावर दमली की आपण गिअर टाकतो आणि पाय दाबतो, तेवढंच मला येतं. खुराड्याखालून घमेलंभर शीट ओढली, ओली, ताजी, आणि वेलाच्या बुंध्याशी थापली. वर तांब्याभर पाणी.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधून एक साहेब ओरडले, "काका, काय टाकलंय? आम्हाला खिडकी उघडता येत नाहीये!"

"मग नका उघडू," मी म्हटलं.

त्यानंतर पानांच्या कडा करपल्या. आधी पिवळ्या, मग विडीच्या टोकासारख्या तपकिरी. कोवळा शेंडा मान टाकून पडला. मी सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, सावली करायला छत्री उघडून बांधली. तरी संध्याकाळी आणखी दोन पानं गेलेली.

शेजारची वहिनी, बायकोची मैत्रीण, कुंपणावरून डोकावली. दोघी मिळून सुकट निवडायच्या, दोघी मिळून मला नावं ठेवायच्या. आता एकटीच ठेवते. ती नाक धरून म्हणाली, "भावजी, ताजी घातलीत काय?"

"खतच हाय ना ते?"

"खत मुरल्यावर. आता ती गरम हाय. मुळं भाजलीत तुमी. तिच्या खताचा कदी वास आला होता काय कोणाला? आं? मूठ भरून हुंगायची ती. मातीचा वास आला तरच घालायची."

हे खरं होतं. ती खत हुंगायची आणि मी हसायचो, म्हणायचो, अत्तर लाव आता. मूठ माझ्या नाकाशी आणायची, मी पळायचो.

"मग आता काय करू?"

"खरवडा सगळं. आणि पाणी घाला, धुवून जाऊ दे. आणि गप बसा."

पहिल्या दोन गोष्टी केल्या. खुरप्याने नाही, मुळं तुटतील म्हणून बोटांनीच खरवडलं. बादलीमागून बादली ओतली. सुनेने हात धुवायला साबण दिला. तिसरी गोष्ट मला जमली नाही. जेवता जेवता उठून बघून यायचो.

वेल वाचला. एका डोळ्यातून नवा फुटवा आला आणि मग असा सुटला की काय सांगू. मातीत राहिलेलं खत त्याला लागलं असणार. पानं हाताच्या पंजाएवढी, गर्द. पण नुसती पानं. मग फुलं आली, संध्याकाळची फुलतात ती, पिवळीधमक. सगळी वांझ. मी एकेक फूल उलटं करून बघायचो, खाली बारीक शिराळं आहे का. वहिनी म्हणायची, "अवो, इन्स्पेक्टरावानी शाळा तपासताय काय? येतील." तिला वर्षाचा दिवस नव्हता गाठायचा.

गणपती गेले. आणि एका संध्याकाळी कुंपणाच्या बाजूला, पानाआड, फुलाखाली बोटाएवढं शिराळं दिसलं. एकच. मी ओरडलोच. सून पदर खोचत धावत आली, तिला वाटलं पडलो. बघून म्हणाली, "झालं ना? आता तरी जेवा धड."

ते वाढलं. दिवस आला तोवर वीतभर झालं होतं, कोवळं, शिरा नुकत्या धरलेल्या. दुसरं एकही नाही. जळलेल्या बाजूचा वेल तर कधीच वाळला होता.

वर्षाच्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी सुरी घेऊन गेलो. आत सुकट भाजल्याचा वास सुटलेला. देठ धरला. मग बियांचा विचार आला. खुराड्यातलं सगळं मी लावून बसलो होतो. आत्ता हे कापलं की पानावर एक वाटी भाजी, आणि तिचं बी संपलं. पुढल्या वर्षी बाजारातून पुडी आणायची आणि तिची म्हणून लावायची.

वहिनी कुंपणाशी आलीच होती. "कापा ना! तिच्यासाठीच केलंत ना एवढं?"

"तिनं कापलं असतं काय?" मी विचारलं.

ती नाकाला पदर लावून उभी राहिली.

मी सुनेला हाक मारली, "आईचं एक फाटकं लुगडं दे."

"आत्ता? कुटलं?"

"फाटकं. कुटलंही."

तिने हिरवं आणलं. खूप धुवून विटलेलं. मला काठ फाडता येईना, मग सुरी त्याच कामाला आली. चिंधी देठाला बांधली. बायको कशी बांधायची, सैल की घट्ट, ते आठवेना. सैल बांधली.

पानावर बाजारातलं शिराळं गेलं. सुनेनं केलं चांगलं, खोटं कशाला बोलू. पान छपरावर ठेवलं, कावळा आला, सुकट तेवढी वेचून खाल्ली, फोडी तशाच टाकल्या आणि उडाला. वहिनी म्हणाली, "ओळखलं बाईनं बाजारातलं." सगळे हसले. मुलगाही हसला.

आता कोपऱ्यात मी नवा खड्डा खणलाय. कोंबड्यांची शीट, तूस, पाला, राख, वर गोणपाट. रोज सकाळी गोणपाट उचलून मूठभर हुंगतो. अजून घाण वासच नाकात जातो. काल सून म्हणाली, "आबा, रोज उघडलंत तर मुरेल कसं ते?"

मी गोणपाट टाकला. मग कुंपणापाशी जाऊन चिंधी बघितली. शिराळं जाड झालंय, साल पिवळी पडायला लागलीय, गाठ आवळत होती. सोडून पुन्हा बांधली.