तोफज्जल आणि बांबूत अडकलेला शिपाई

तोफज्जल कारिगरला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते बांबूच्या बेटावर चढताना. त्याआधी चार वर्षं त्याच्या दारावरून मी शाळेत शिकवायला जात होतो, पण मागाची खटखट तेवढी ऐकू यायची. माणूस कधी दिसला नव्हता.

एकाहत्तरच्या डिसेंबरातली दुपार कलत आली होती. पुंगलीच्या पुलाकडचं आभाळ विमानांनी आणि हवाई छत्र्यांनी भरून गेलं. एक छत्री भरकटून आमच्या बांबूच्या बेटात अडकली. दोरांत गुरफटलेला शिपाई खाली डोकं वर पाय असा लोंबकळत होता. आम्ही काठ्या-कोयते घेऊन धावलो. तो हिंदीत ओरडत होता, आणि आमच्या कानांना हिंदी काय नि उर्दू काय, एकच.

"खानच आहे! त्यांची कुमक आली!" गावचे मातब्बर गरजले. पाकिस्तानी फौजेला आम्ही खान म्हणायचो.

"जॉय बांगला!" शिपाई ओरडला.

"जीव वाचवायला कुणीही म्हणेल. हाणा रे!"

तेवढ्यात तोफज्जल सरसर वर गेला.

"ए जोला, उतर खाली!" विणकराला हिणवायचा हा शब्द मातब्बरांच्या तोंडी कायमचाच.

"थांबा हो चाचा. एवढा गुंता झालाय, तो सोडवू तरी द्या. मग मारायचं तर मारा."

आणि तो खरंच एकेक दोर बोटांनी चाचपत, न कापता सोडवू लागला. एक दोर सुटला, शिपाई हिसक्यासरशी खाली घसरला आणि बांबूचा काटा त्याच्या मांडीत घुसला.

"आई गं!"

तोफज्जलची बोटं थांबली. "ऐकलंत? 'आई गो' म्हणाला."

"मग?"

"दुखलं की आपण 'मा गो' म्हणतो की नाही? खानांच्या छावणीत आठ दिवस कैदेत होतो मी. तिथल्या हवालदाराला विंचू चावला, तरी त्याच्या तोंडून 'गो' आला नाही. हा आपल्याच बाजूचा, चाचा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मातब्बरही हसले. "अरे मग बघत काय बसलात? उतरवा जावयाला!"

जावयाने मुरमुरे आणि खजुराचा गूळ मागून मागून खाल्ला. त्याचं ओझं आम्ही डोक्यावर घेतलं आणि लंगडणाऱ्या त्याला पुलापाशी त्याच्या सोबत्यांत नेऊन सोडलं. तो सातारा नावाच्या गावचा, असं तिथे कळलं. अंधार पडल्यावर पूल त्यांच्या हाती आला, उत्तरेकडून ढाक्याला निघालेल्या खानांची वाट तुटली, आणि पाचव्या दिवशी ढाक्यात खानांनी हत्यारं ठेवली.

बांबूत राहिलेले छत्रीचे नायलॉनचे दोर तोफज्जलने उसवले आणि त्या सुताचा पंचा विणून मातब्बरांना भेट दिला. त्या पंच्याने अंग पुसलं की पाणी टिपलं जाण्याऐवजी अंगभर पसरायचं. "जोला, हा पंचा आहे की होडीचं शीड?" मातब्बर तळ्यावरून ओरडायचे. सगळ्यांत मोठ्याने हसायचा तोफज्जल.

आता तो पंच्याऐंशीचा आहे. पाथराईल या विणकरांच्या गावी धाकट्या मुलीकडे राहतो आणि रोज सकाळी दोन तास मागावर बसतो.