दानियलकाकांच्या हाती एकही लागेना

चार ख्रिस्ती माणसं पत्रकं घेऊन गावात हिंडायला निघाली, की सुवार्ता किती पसरते ते प्रभूच जाणे. किस्से मात्र हमखास पिकतात! आमच्या चर्चचा असा शनिवारचा ग्रुप आहे. मी शाळामास्तरीण, म्हणून बोलायला पुढं. पण खरे हिरो दानियलकाका, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांना एकच ध्यास, आपल्या हातून एक तरी माणूस प्रभूकडं जावा. वीस वर्षं झाली, एकही गेला नव्हता. "वर गेल्यावर रिकाम्या हातानं कसा उभा राहू गं, रूथ?" असं मला विचारायचे.

* * *

एकदा कन्नडला जाणाऱ्या एसटीत काका साक्ष द्यायला उभे राहिले. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं सावरलं त्याची हकिगत. रंगात आले, डोळे मिटून प्रार्थना केली आणि "आमेन" म्हणता म्हणता जुन्या सवयीनं डोक्यावरची दोरी ओढली. टिंग!

ड्रायव्हरनं भर माळावर गाडी उभी केली. खरा कंडक्टर खवळला. तेवढ्यात मागून एक म्हातारी गाठोडं घेऊन उठली. "भांडू नका रं! माझं शेत इथंच हाय. रोज बोंबलते, कुणी थांबवत नाय. तुमचा देव लई चांगला!"

आणि पत्रक न घेताच उतरून गेली.

* * *

देवगाव रंगारीला एका शेतकऱ्यानं आमचं दोन तास ऐकून घेतलं, वर पिठलं-भाकरी वाढली. म्हणाला, "लई आवडला तुमचा देव. फोटो द्या, देवघरात मांडतो."

काका घाईघाईनं म्हणाले, "तसं नाय हो पाटील, तो एकटाच देव!"

पाटील हळहळले. "एकटाच? मंग तर आणाच त्याला! इथं सोबत तरी हुईल!"

काकांनी निमूट दुसरी भाकरी घेतली.

* * *

अजिंठ्याला काकांनी एका गोऱ्या पाहुण्याला गाठलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत वीस मिनिटं येशू सांगितला. पाहुण्यानं सगळं हसून ऐकलं, मग पिशवीत हात घातला आणि काकांच्याच हातात येशूचं पत्रक ठेवलं!

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "रूथ, माझ्या तोंडावर दिसत नाय व्हय गं?"

* * *

शेजारचे सलीमभाई टेलर आणि काका पंधरा वर्षं एकमेकांना आपापल्या धर्मात बोलावतात. रोज, चहा पीत. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी आली, तेव्हा सलीमभाईच दुपारी येऊन त्यांना बायबल वाचून दाखवायचे.

काका माझ्या कानात म्हणाले, "बघ, विरघळला गडी!"

बाहेर दाराशी सलीमभाईंनी मला थांबवलं. "बेटी, पंदरा साल में पैली बार चुप बैठके सुन रहे. अब मान जाते देखो!"

मी दोघांनाही "व्हय, व्हय" म्हणून घरी आले.

* * *

आणि हा मागच्या नाताळाआधीचा. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, आटोपलेलं. काका साक्षीला उठले. "अठ्ठ्याहत्तर झाली. वीस वर्सं हिंडलो. माझ्या हातून एकबी माणूस प्रभूकडं गेला नाय." पुढं बोलवेना, ते रडायलाच लागले. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. माझेही डोळे भरून आले.

मागच्या खोलीच्या दारातून आवाज आला, "अहो, माझाच बाप्तिस्मा राहिलाय की!"

हातात सांडशी घेऊन मंदाकाकी उभ्या! काकांच्या बायको. गंगापूरकडच्या हिंदू शेतकरी घरातल्या, रजिस्टर लग्न करून आलेल्या. सासूबाईंना वाटलं बाप्तिस्मा मुलानं उरकला, काकांना वाटलं आईनं उरकला. आणि दर प्रभुभोजनाला काकी मंडळींच्या चहापाशी, त्यामुळं पन्नास वर्षांत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"समद्या जगाला इचारत फिरलात," काकी म्हणाल्या. "मला कवा इचारलं?"

काकांनी डोळे पुसले, बाकांमधून चालत दारापर्यंत गेले आणि बायकोसमोर हात जोडून उभे राहिले. "आता इचारतो, मंदा. येतीस का प्रभूकडं?"

"येते की! पन्नास वर्सं म्या थांबले, आता चहा ओतेपर्यंत तुमी थांबा!"