आईने मागितलेले पेन
भिजवलेल्या तेंदूपानांचा तुरट वास आला, की मला भंडाऱ्याच्या कामगार न्यायालयातली ती दुपार आठवते. आई विड्या वळायची. विडी कामगारांच्या संघटनेचे सभासद झाल्याशिवाय कारखान्यातून पान-तंबाखू मिळत नसे आणि वर्गणी मजुरीतून परस्पर कापली जाई. आईने त्याविरुद्ध दावा लावला आणि तिचे काम थांबले. हरली असती, तर ते कायमचेच सुटले असते. पंख्याच्या संथ घरघरीत संघटनेच्या वकिलांनी सभासदत्वाला आणि वर्गणीला तिची संमती असल्याचा अर्ज पुढे केला. त्यावर निळा, ठसठशीत अंगठा होता. "हा माहा अंगठा नोहोय, साहेब," आई म्हणाली. संघटनेचा सचिव मागून हसला, "विडीवाली बाई अंगठा नाही त का सही करन?" आईने न्यायाधीशांकडे पेन मागितले. बुद्धविहारातल्या वर्गात ती मोठेपणी अक्षरे शिकली होती. तंबाखूने पिवळी पडलेली बोटे सावकाश सरकत गेली आणि कागदावर तिचे पूर्ण नाव उमटले, एकही वेलांटी न चुकता. "संघटनेशी वैर नाही जी," ती म्हणाली, "संपात मीच पुढं होती. फक्त मले विचारा." निकाल तिच्या बाजूने लागला. दुसऱ्याच दिवशी तिने संघटनेच्या कचेरीत जाऊन सभासदत्वाचा अर्ज मागितला. "आता कायले आली?" सचिवाने विचारले. "आता माह्या मनानं आली," आई म्हणाली. तिचे हे उत्तर कुणाला सांगताना आजही माझी मान आपोआप ताठ होते.