रात्रपाळीची अडचण मी शोधली, टाळ्या नीताला

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आले आणि चहाही न टाकता लिहायला बसले, कारण आज मला नीताचा फार हेवा वाटला.

आम्ही दोघी लूमवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या भिवंडीतल्या एका छोट्या कंपनीत आहोत. गिऱ्हाइकाला काय हवं ते ऐकून आणायचं, हे इनबाउंड काम माझं. तयार झालेलं लोकांना पटवून द्यायचं, हे आउटबाउंड नीताचं.

महिनाभर लूमच्या खडखडाटात बसून मी एक अडचण शोधली होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रपाळीत बारानंतर निघालेलं कापड दुसऱ्या तारखेत मोजलं जायचं, त्यामुळे एका पाळीत किती निघालं ते मालकांना कळतच नसे. आम्ही ते बदललं.

आज दुपारी नीताने तेच एका हॉलमध्ये जमलेल्या लूममालकांना दाखवलं. ज्या चाचांनी मला ही अडचण सांगितली होती, तेच उठून तिला म्हणाले, "वाह मॅडम! आप तो हमारे दिल की बात जानती हैं!" टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीत होते. आठवतं ना, शाळेतही सिस्टर वक्तृत्वाचं बक्षीस दुसऱ्याच मुलीला द्यायच्या आणि मला नीटनेटक्या वहीचं?

परतताना रिक्षात नीता म्हणाली, "ताई, हे सगळं तुमच्यामुळे झालं हं. आता सांगा, लोक अजून काय म्हणतात?"

मला चार गोष्टी ठाऊक होत्या. मी म्हटलं, "विशेष काही नाही."

"बरं," म्हणाली बिचारी, आणि माझी जड पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.

उद्या ती पुन्हा विचारेल. तुम्ही तिला सांगितलं असतं का? अगदी खरं सांगा.