खिडकीतली कमान

हाइडरूनसारखी बडबडी नर्स आमच्या अतिदक्षता विभागात दुसरी नाही. रोग्याची दाढी करतानाही तिच्या गावगप्पा चालू. करोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र तिचं तोंड शिवलं गेलं, आणि ते शिवलं गॉटहोल्डने.

गॉटहोल्ड तिच्या गावचा लाकूडकाम करणारा. नाताळात आमच्या डोंगरात घरोघरी खिडकीत दिव्यांची लाकडी कमान लागते; त्या गावातल्या बहुतेक त्याच्याच हातच्या. लसीच्या विरोधात दर सोमवारी मेणबत्त्या घेऊन लोक निघायचे, त्यातही पुढे हाच. हाइडरूनचा धाकटा भाऊ फाल्को त्याच्या कारखान्यात होता.

"गॉटहोल्ड टोचून घेईल त्या दिवशी मीही घेईन, ताई. तोवर माझं डोकं खाऊ नकोस," हे फाल्कोचं ठरलेलं उत्तर.

आणि इकडे गॉटहोल्ड करोनाने आमच्या खाटेवर, तोंडावर ऑक्सिजन. बायकोने गावात सांगितलं, समुद्रकाठी हवापालटाला गेलाय. कुणाला शंका येऊ नये म्हणून ती खिडकीतली कमान रोज लावायची. कामावरून घरी जाताना हाइडरूनला ती पेटलेली कमान दिसायचीच. रोग्याची गोष्ट बाहेर बोलायला आम्हाला कायद्याने बंदी आहे.

"फक्त फाल्कोला सांगू दे," ती त्याला विनवायची. "एकट्याला."

"नको गं पोरी," तो धापा टाकत म्हणायचा. "लोक हसतील."

मला असा संताप यायचा! जीव जातोय आणि या बाबाला अब्रूची पडलीय. पण उशी सारखी करताना त्याने माझं मनगट घट्ट धरलं, सोडेचना, तेव्हा मलाही रडू फुटलं.

तो गेला. रोगी मेला तरी बंदी सुटत नाही. हृदयविकार, असं गावाने ठरवून टाकलं. दफनानंतर आम्ही हाइडरूनच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. फाल्कोचे डोळे सुजले होते.

"ताई, खरं सांग. तो तुमच्याकडे होता म्हणे. करोना होता का? तू हो म्हण, उद्याच टोचून घेतो."

टेबलाखाली मी तिचा हात धरला.

"मला विचारू नकोस रे," एवढंच ती म्हणाली.

फाल्कोने सुस्कारा सोडला. "म्हणजे हृदयच. करोना असता तर माझी ताई गप्प बसली असती होय?"

मग त्याने नाताळचा केक मागून घेतला.

जानेवारीत आमच्या विभागात फाल्कोची खाट मी लावली. हाइडरूनला लावू दिली नाही.